वाकलो तरी खिशातून न पडणारे पेन

यंदा फेब्रुवारीत, गड्डा यात्रेतले पाळणे उतरून गेले त्याच सुमारास, माझे सोळा वर्षे वापरलेले काळे फाउंटन पेन गरम निळ्या रंगाच्या टाकीत पडले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात मी शेडचे, म्हणजे रंगछटांचे, रजिस्टर सांभाळतो. चादरी-टॉवेलांच्या सुताच्या लडी टाकीत फिरत असताना रंग कुठवर चढला हे पाहण्यासाठी दिवसातून वीस-पंचवीस वेळा टाकीवर वाकावे लागते आणि जे दिसले ते केबिनमध्ये येऊन लगेच लिहावे लागते. त्यामुळे पेन सदैव खिशात लागते. संध्याकाळी टाकी उपसल्यावर ते सापडले. सुती धाग्याचा तो रंग प्लॅस्टिकला मुळीच धरला नव्हता, पेन होते तसेच काळेभोर होते, पण टोपण असे काही वाकले होते की आटे पुन्हा बसेनात. आमचे डाइंग मास्तर सोलापूरच्या पूर्वभागातले, घरी तेलुगू आणि कारखान्यात मराठी बोलणारे. त्यांनी ते पेन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, आता पाच रुपयांचं बॉलपेन घ्या आणि सुटा."

बॉलपेन मी तीन आठवडे वापरलेही. पण ते दाबून लिहावे लागते, आणि दिवसाकाठी दहा-बारा पाने भरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. शिवाय कारखान्यातले बॉलपेन कोणाच्याच मालकीचे नसते. सकाळी माझ्या खिशात असलेले दुपारी टेम्पोवाल्याच्या कानावर दिसायचे. तेव्हा फाउंटन पेनच घ्यायचे, आणि या वेळी काळे न घेता लांबूनही ओळखू येईल अशा रंगाचे घ्यायचे, एवढे मार्चच्या सुरुवातीला ठरले. खर्चाची मर्यादा मी अडीच हजार रुपये ठेवली. घरात ही रक्कम सांगताना मी ती दोन टप्प्यांत सांगितली.

जुने पेन पडले कशामुळे, याचा उलगडा आधी करणे भाग होते. क्लिप सैल झाली असेल असा माझा समज होता. पट्टीने मोजल्यावर कारण वेगळेच निघाले. माझ्या शर्टाचा खिसा तेरा सेंटिमीटर खोल आहे आणि ते पेन टोपणासह चौदा सेंटिमीटर होते, म्हणजे त्याचे बूड खिशाच्या तळाला टेकलेले असे. टाकीच्या काठाला छाती टेकवून वाकले की काठ खिशाचा तळ वर ढकलतो, तळ पेनाला ढकलतो आणि क्लिप दर वेळी एक-दोन सूत वर सरकते. पाच-सात वेळा वाकल्यावर ती सुटते. हे पडताळून पाहण्यासाठी मी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेवर छाती टेकवून पुन्हा पुन्हा वाकत होतो, तेव्हा बायको आत आली, थोडा वेळ पाहत उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली. निष्कर्ष मात्र पक्का झाला: अकरा सेंटिमीटरच्या आतले पेन हवे, जे क्लिपच्या आधाराने लटकेल आणि ज्याच्या खाली खिशात बोटभर तरी जागा मोकळी राहील.

यातली अडचण अशी की खिशात मावणारे पेन हाताला पुरत नाही. दांडीचे मागचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात टेकले नाही तर पेन बोटांत नाचते आणि अक्षर बसत नाही. यावर जपानी कंपन्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत आखूड दांडी आणि लांबलचक टोपण अशी युक्ती काढली होती; टोपण मागे लावले की पेन पूर्ण लांबीचे होते. पायलटचे आजचे ई९५एस हे पेन त्याच घाटाचे आहे, परंतु त्याची निब सोन्याची असल्याने ते माझ्या हिशोबात बसणारे नव्हते. जर्मनांची युक्ती याहून जुनी आहे. १८८३ साली हायडेलबर्गमध्ये सुरू झालेल्या आणि कॉख व वेबर या दोन नावांतून स्वतःचे नाव जुळवलेल्या कावेको कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून स्पोर्ट नावाचे खिशातले पेन बनवले. मधल्या काळात कंपनी बंद पडली, १९९० च्या दशकात न्युरेंबर्गहून ते नाव पुन्हा उभे राहिले, आणि पेनाचा आटोपशीर घाट टिकून राहिला: बंद असताना साडेदहा सेंटिमीटर, टोपण मागे लावल्यावर तेरापेक्षा थोडे जास्त. टोपणाला आठ पैलू असल्यामुळे ते टेबलावरून घरंगळत नाही. क्लिप मात्र साध्या मॉडेलसोबत मिळत नाही, वेगळी विकत घ्यावी लागते.

एवढे वाचून थेट तेच मागवावे, असे सरळ मन माझे नाही. नवी पेठेतली दुकाने आधी पालथी घातली. तिथे शाळकरी मुलांची शाईची पेने होती, निवृत्तीच्या समारंभात देण्याचे मखमली पेटीतले जोड होते आणि कॅमलच्या शाईच्या बाटल्या होत्या. "शाईचं पेन आता पाचवीतली पोरं मागतात, नाहीतर रिटायर झालेली माणसं," असे एका दुकानदाराने सांगितले आणि मी यांपैकी कोण, असे डोळ्यांनीच विचारले. पुढच्या रविवारी हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठले आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या एका दुकानात दोन तास काढले.

तिथे रंगांचा बाजारच मांडला होता. लॅमी सफारी मला मनापासून आवडले. १९८० साली ते प्रथम आले तेव्हा त्याचे रंग मातीचा लाल आणि गवताळ रानाचा हिरवा असे होते, आणि आता दर वर्षी त्याला नवा रंग येतो. जाड तारेची त्याची क्लिप पाहून हे पेन खिशाला फाडील पण सोडणार नाही, असे वाटले. पण लांबी पुन्हा चौदा सेंटिमीटर, म्हणून ते बाजूला ठेवले. पायलटच्या काकुनोच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. लिहायला शिकणाऱ्या मुलांसाठी ते पेन काढले आहे, आणि हसरा चेहरा आपल्याकडे पाहत असेल तर पेन सुलटे धरले आहे, असा तो धडा. त्याला क्लिपच नाही. प्लॅटिनमचे प्रेपी पाचशेच्या आत मिळते, त्याच्या टोपणात आतून स्प्रिंगचे बूच बसते आणि त्यामुळे निब महिनोन्‌महिने सुकत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा गुण लहान नव्हे. तेही लांबीवर गेले.

खरा मोह झाला तो एका देशी पेनाचा. राजमुंद्रीला १९३२ पासून रत्नम यांची एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेने बनत आली आहेत आणि लेथवर हाताने पेन कातणारे कारागीर दक्षिणेत आजही आहेत, हे मला ठाऊक होते. दुकानात त्याच पद्धतीने अ‍ॅक्रिलिकमधून कातलेले एक बुटके पेन होते, आमसुली रंगात केशरी भोवरे फिरलेले, कानपूरच्या निबेचे. हातात घेतले तेव्हा ते सोडवेना. मग खिशात ठेवून पाहिले. लांबी चालण्यासारखी होती, पण जाडी इतकी की खिशाला पोट आले आणि टोपणही मागे नीट बसेना. दहा मिनिटे मी ते हातात घेऊन उगाच फिरत राहिलो आणि मग परत ठेवले.

आता निबेविषयी. आमच्या रजिस्टरमध्ये रंगाचे प्रमाण सुताच्या वजनाच्या टक्क्यांत लिहितात: ०.२५, १.७५, २.५. दशांशाचा ठिपका शेजारच्या आकड्यात बुडाला की वाचणारा तो आपल्या मनाने कुठेतरी बसवतो आणि पाव टक्क्याचे अडीच टक्के होऊन अख्खा लॉट गडद निघतो. हे एकदा घडलेले आहे आणि ते अक्षर माझे होते. देवनागरीचीही स्वतःची मागणी असते. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेघेतल्या बारीकशा फटीवर उभा आहे. ती फट शाईने भरली की भगव्याचा मगवा होतो. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी मीडियम निबेची कितीही तारीफ केली तरी आपल्या द्ध, द्व, ष्ट यांना आत हवा खेळण्यापुरती जागा लागते. त्यातच युरोपी कंपन्यांची एफ, म्हणजे फाइन, निब जपानी एफपेक्षा साधारण एक पायरी जाड लिहिते, म्हणून कावेकोत मला एफच्याही खालची ईएफ, म्हणजे एक्स्ट्रा फाइन, पाहावी लागली.

दुकानदाराने शाईची बाटली उघडून निबा बुडवून लिहून पाहायला दिल्या. इथे एक फसगत होते. बुडवलेल्या पेनाची जीभ, म्हणजे निबेला शाई पुरवणारी खालची पट्टी, नुसत्या शाईने थबथबलेली असते, त्यामुळे कोणतीही निब पहिल्या चार ओळी लोण्यासारखी चालते. मी घरूनच रजिस्टरचा कोरा कागद नेला होता. त्यावर प्रत्येक निबेने 'बुद्धी, द्वंद्व, घन, धन, भार, मार, ०.२५, २.५' हेच शब्द आणि आकडे अर्धे पान भरेपर्यंत लिहीत राहिलो, वरची शाई संपून निब स्वतःच्या चालीवर येईपर्यंत. एफने ठिपका टिकवला पण घ आणि ध यांची गाठ घातली. ईएफने दोन्ही सांभाळले. कागदाला किंचित खरखरली, ती सोसण्यासारखी होती. शेजारी उभा असलेला कॉलेजचा मुलगा माझे पान वाचून जरा दूर सरकला.

रंग मी शेवटी पाहायचा असे ठरवले होते, आणि माझा अर्धा वेळ त्यातच गेला. कावेकोची अर्धपारदर्शक, दुधाळ रंगांची एक मालिका आहे, तिच्यातल्या प्रत्येक रंगाला फळाचे नाव: मँडरिन, बनाना, ब्लूबेरी, लाइम, पिताया, आणि पांढऱ्याला चक्क कोकोनट. आमच्याकडे डाळिंबी, अंजिरी, आमसुली, लिंबोणी अशी नावे शेडकार्डावर असतातच, त्यामुळे हे घराणे ओळखीचे वाटले. त्यातले संत्र्याच्या रंगाचे पेन मी जवळजवळ घेतलेच होते, तेवढ्यात डाइंगमधला अनुभव आडवा आला. या पेनातून आतली शाई दिसते. मी वापरणार ती निळी-काळी, आणि नारिंगीवर निळे चढले की दोन्ही रंग मरून खाकी-मातकट उरते. ही चूक आम्ही टाकीत फार महागात शिकलो आहोत. पारदर्शक पेनात लाल किंवा जांभळी शाई भरली तर प्लॅस्टिकला कायमचा डागही राहू शकतो. म्हणजे रंग अपारदर्शकच हवा.

उरलेल्यांत स्कायलाइन मालिकेतले मिंट नावाचे पेन डोळ्यांत भरले. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली ते निळसर दिसत होते. परवानगी मागून मी ते दाराशी नेले, तर उन्हाच्या उजेडात ते स्पष्ट हिरवटले. सूत रंगवणाऱ्याला यात नवल नाही. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेल्या दोन लडी उजेडात वेगळ्या पडतात, म्हणूनच आम्ही शेड उत्तरेच्या खिडकीपाशी पास करतो, जिथे थेट ऊन येत नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून पेनाचा रंग ठरवणाऱ्यांनी निदान हे ध्यानात ठेवावे. दोन्ही उजेडांत तो रंग मला आवडला, ईएफ निबेत तो शिल्लक होता आणि वेगळी क्लिप धरूनही हिशोब मर्यादेत राहिला, तेव्हा पैसे दिले. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते पेन उत्तरेच्या खिडकीशी धरून निकाल दिला, "फिक्का चिंतामणी." मी म्हणालो, पिस्ता. यावर आमचे अजून एकमत नाही.

पहिले तीन आठवडे पेन निर्दोष चालले. ओट्यावरची परीक्षा त्याने दिली, टाकीवरचीही दिली. क्लिपला लटकून राहते, खिशाचा तळ वर सरकला तरी त्याला स्पर्श होत नाही. शाई म्हणून पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या निळ्या-काळ्या शाईची छोटी कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेल्या बदलायच्या नळ्या, वापरतो. ही कार्ट्रिज ज्या सर्वमान्य मापाची आहेत त्याच मापाची कावेकोला लागतात. या शाईत लोहाचा अंश आहे, त्यामुळे ती सुकल्यावर गडद होत जाते आणि रजिस्टरवर पाण्याचा थेंब उडाला तरी अक्षर वाचण्याइतके शिल्लक राहते. साध्या रॉयल ब्लूची पाने पहिल्याच थेंबाला वाहून गेली होती. लोहयुक्त शाई पेनात साचू नये म्हणून महिन्यातून एकदा साध्या पाण्याने पेन धुतो.

मग मला हाव सुटली. छोट्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम पाऊण-एक मिलिलिटर शाई मावते आणि माझी ती दोन दिवसांत संपते. कार्ट्रिज न लावता दांडीतच थेट ड्रॉपरने शाई भरली तर सुमारे दोन मिलिलिटर बसते. दांडी प्लॅस्टिकची असल्याने आट्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावले की झाले, हे अनेक जण करतात. कंपनीने सांगितलेली ही पद्धत नव्हे, मी माझ्या जबाबदारीवर केली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा बेचाळिसावर असताना, टाकीवरून परतून टोपण उघडले तर आट्यांपर्यंत शाई आणि दोन बोटे निळी. डाइंगमध्ये निळ्या बोटांकडे कोणी पाहत नाही, एवढीच सोय. पुसून पुन्हा वापरले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि या वेळी थेंब नेमका टक्क्यांच्या रकान्यात पडला.

ग्रीस कमी पडले असेल म्हणून आटे पुन्हा माखले. फरक पडला नाही. मग ध्यानात आले की आटे कोरडेच आहेत, शाई येते आहे ती निबेतून. दांडीतली शाई जशी संपते तशी तिची जागा हवा घेते, आणि हवा तापली की फुगते. कूलर लावलेल्या केबिनमधले अठ्ठावीस अंश आणि टाकीजवळचे बेचाळीस, एवढ्या फरकाने हवेचे आकारमान साडेचार टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. दीड मिलिलिटर हवेत ही वाढ होते सुमारे ०.०७ मिलिलिटर, आणि ड्रॉपरचा एक थेंब असतो साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे एका थेंबाहून अधिक शाईला बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते. कार्ट्रिजमध्ये हवाच अर्धा-पाऊण मिलिलिटरच्या आत, त्यामुळे ढकलली जाणारी शाई फार तर अर्धा-पाऊण थेंब, आणि तेवढी निबेखालच्या जिभेच्या पापुद्र्यांत सामावून जाते.

तरीही एक कोडे उरत होते. खिशात पेन निब वर करून उभे असते. हवा वरच्या बाजूला असते, फुगली तर नुसती हवाच निघून जायला हवी. याचे उत्तर मला टाकीवर वाकलेल्या स्थितीतच मिळाले. मी वाकतो तेव्हा खिशाचे तोंड खाली होते, पेन उलटे होते, शाई निबेकडे धावते, हवा तिच्या मागे अडकते आणि नेमक्या त्याच क्षणी खालून टाकीची वाफ तिला तापवते. पडू नये म्हणून जे पेन निवडले, ते पडत नव्हतेच. माझ्याबरोबर वाकत होते.

त्याच संध्याकाळी ग्रीस पुसून कार्ट्रिज परत लावले. सोलापुरात ती हमखास मिळतील असे नाही, म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने एकच कार्ट्रिज बाटलीतून पुन्हा पुन्हा भरतो आणि त्याचे तोंड सैल वाटू लागले की बदलतो. भरायचे ते अर्धे उरले असतानाच, म्हणजे आत हवा कमी राहते. मे महिना, तेवढ्याच वाफेत, एकाही डागाशिवाय गेला. आमसुली पेन डोक्यातून गेलेले नाही. ते घरी पत्रे लिहायला घ्यावे, घरात टाकी नाही आणि खिशाचाही प्रश्न नाही, असा युक्तिवाद मी तयार ठेवला आहे आणि दिवाळीच्या बोनसपर्यंत तो कोणाला ऐकवणार नाही. रजिस्टरचे पान भरले की मास्तर सहीसाठी हात पुढे करतात आणि म्हणतात, "तो चिंतामणी द्या जरा." मी पिस्ता म्हणून देतो.